झोपल्याशिवाय वजन नाही

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी, धाकट्या भावाचा (आरशात पाहिलं तर ‘धाकटा’ हा शब्द आता केवळ नात्यापुरता उरला आहे) शिरसाष्टांग दंडवत.

इकडे सगळं बरं आहे, तुझ्या गुडघ्यांचं बरं असल्याचं ऐकायला मन उत्सुक आहे. उजवा जास्त दुखतो की डावा, हे तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. पण ते पत्र मी जपून ठेवलं, आणि जपून ठेवलेली वस्तू आमच्या घरात सापडत नाही. तेव्हा दोन्ही गुडघ्यांना समसमान सहानुभूती कळवतो. भावोजींना नमस्कार. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्यायाम सुरू केला आणि तिसऱ्या दिवशी सोडला, हे वाचून त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला. आरंभशूर पुष्कळ असतात, पण इतक्या तत्परतेने चूक सुधारणारे विरळा. तुझी शाळा कशी आहे? मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत अजून तीच जुनी उशी आहे, की शासनाने नवी मंजूर केली?

चार महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. (रागावली नसशील तर जास्त काळजीची गोष्ट आहे.) कारण सांगतो. मी इतिहासकार झालो. हे कसं झालं ते सांगायचं तर हळूबाईंपासून सुरुवात करायला हवी. घड्याळजींच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर बाळांचा दवाखाना आहे, तिथल्या त्या नर्स. तू गाव सोडून तीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देतो. दर मंगळवारी आयांनी बाळं आणायची, हळूबाईंनी वजन करायचं, डॉक्टरांनी तपासायचं, आणि या सगळ्यात कोणी आवाज केला तर बाईंनी ओठांवर बोट न ठेवता नुसत्या भुवईने ‘हळू’ म्हणायचं. त्यांचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. मोठ्याने विचारायची कोणाची छाती नाही, आणि हळू विचारावं तर नेमकं तेवढंच त्यांना ऐकू येत नाही. वय ऐंशी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, परंतु निवृत्तीची बातमी त्यांनी अजून मनावर घेतलेली नाही.

तर या हळूबाई चार महिन्यांपूर्वी एका सकाळी आमच्या दारात उभ्या. हातात आरोग्य कार्यालयाचं पत्र. हा दवाखाना जुना झाला आहे, तो बंद करून त्याचं काम बस स्थानकासमोरच्या नव्या इमारतीत सामावून घ्यायचं आहे. तिथे काचेच्या तबकडीवर बाळ ठेवलं की अकरा सेकंदांत आकडा उमटतो. (बाळाला आपण ठेवले गेलो हे कळायच्या आत.) अंतिम निर्णयाआधी एक तपासनीस येतील, संस्थेला काही सांगायचं असल्यास तिने आपला ‘संक्षिप्त इतिहास व उपयुक्तता’ लेखी सादर करावी. मी पत्र वाचत होतो तोवर हळूबाईंनी आपली कापडी पिशवी मांडीवर आडवी घेतली होती आणि तिला नकळत थोपटत होत्या. पिशवीत भाजी होती. खोली गेली तर मंगळवारी मी कुठे जाऊ, असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तू संस्कृत शिकवतोस. म्हणजे लोकांनी टाकलेलं टिकवायची विद्या तुला येते. लिही.”

आता सांग, यावर माझ्यासारख्याने काय करावं? आयुष्यात प्रथमच माझ्या विषयाचा कोणाला तरी उपयोग दिसला होता. मी होकार दिला आणि पुढचे चार महिने त्या खोलीत बसून जुन्या नोंदवह्या वाचल्या.

ती खोली आता कशी आहे विचारशील तर तशीच आहे. चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. तिसरी पायरी करकरते, म्हणून तिच्यावर कोणी पाय ठेवत नाही. (या गावातली निम्मी माणसं जगातल्या कुठल्याही जिन्याची तिसरी पायरी गाळतात. आमच्या शाळेच्या संगमरवरी जिन्यावर मीही दुसरीवरून चौथीवर जातो, आणि मुलांना वाटतं सरांना काही तरी व्रत आहे.) वर गेलं की एक लांब बाक, दोन खिडक्या, धुऊन धुऊन ढगांच्या रंगाचे झालेले पडदे, आणि जमिनीवर उन्हाचा एक चौकोन, जो सकाळी दारापाशी असतो आणि दुपारपर्यंत रांगत रांगत भिंतीला जाऊन टेकतो. खोलीत शिरलं की माणूस आपोआप कुजबुजू लागतो. दिवसभर चौकात ओरडून कांदे विकणारी बाई तिथे अशी बोलते की जणू कांद्यांची गुपितं सांगते आहे. नवरा-बायको भांडत जिना चढतात, पण कुजबुजत भांडण फार वेळ चालत नाही. दोन वाक्यांनंतर ते प्रेमालाप वाटू लागतं आणि दोघंही ओशाळून गप्प होतात. खाली घड्याळजी (आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे) मंगळवारी दुकानातले सगळे लंबक हाताने थांबवतात. ठोके पडले तर बाळं उठतील म्हणून. त्यामुळे दर मंगळवारी त्या इमारतीत साडेआठ वाजतात आणि दुपारपर्यंत साडेआठच वाजलेले असतात.

हे सगळं कशासाठी, तर दारावर पाटी आहे म्हणून: ‘झोपल्याशिवाय वजन नाही.’ बाहेरगावचा माणूस ती वाचून उगाच आपल्या पोटाकडे बघतो. या पाटीचा उगम शोधणं हे माझं पहिलं संशोधन. चोपन्न वर्षांपूर्वी दवाखाना निघाला तेव्हा वजनासाठी धान्याच्या दुकानातून आणलेला टांगता काटा होता. आकड्याला कापडाची झोळी, झोळीत बाळ. पहिल्याच मंगळवारी बाळांनी लाथा झाडल्या आणि काट्याची सुई अडीच किलोपासून साडेपाच किलोपर्यंत अशी हिंडू लागली की एकाच लेकराच्या अंगात तीन लेकरं असावीत. तेव्हाचे डॉक्टर (भला माणूस, आता नाही, ते मंगळवारी औषधापेक्षा डुलकीच जास्त देत-घेत) म्हणाले, मधला आकडा घेऊ, सरासरी लिहू. हळूबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, नोकरीचा पहिला दिवस. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “सरासरीचं बाळ कोणाचं?” मग ठरलं की बाळ झोपेपर्यंत थांबायचं, झोपलं की अलगद झोळीत घालायचं, सुई स्थिर झाली की जो असेल तो आकडा लिहायचा. तो खरा.

अकरा वर्षांनी सपाट पाळण्याचा नवा काटा आला. त्यावर बाळ नाचलं तरी आकडा बरोबर येतो. म्हणजे पाटीचं कारण संपलं, पाटी राहिली. आपल्याकडे कारणं अल्पायुषी आणि प्रथा चिरंजीव असतात, हे मी विद्यार्थ्यांना पस्तीस मिनिटांच्या तासात सांगतो आणि ते मधल्या सुट्टीत विसरतात. (तू हसू नकोस, तुझ्या शाळेत अजून दौतींसाठी बाकांना भोकं आहेत.) डॉक्टरांनी एकदा प्रयोग म्हणून एकच बाळ आधी जागेपणी आणि मग झोपेत तोललं. आकडा तोच आला. हळूबाई म्हणाल्या, आकडा तोच आहे, पण तुम्ही घाईत होता. आणि नोंद झोपेतलीच केली.

आता वह्यांविषयी. पहिली वही कार्यालयाच्या दप्तरात जमा, म्हणून मी दुसरीपासून वाचल्या. एकूण दोन हजार सातशे तेरा बाळं. नाव, वजन, वेळ, आणि शेवटी ‘शेरा’ या रकान्यात हळूबाईंनी प्रत्येक बाळ कशाने झोपलं ते लिहिलं आहे. हे लिहायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रकाना रिकामा राहायला नको म्हणून, असं त्या म्हणतात. काही तुझ्यासाठी उतरवून पाठवतो. ‘आईच्या किल्ल्यांनी.’ ‘आजोबा आधी झोपले, त्यांच्या घोरण्याने.’ ‘वडील नळदुरुस्तीवाले, नळांचे प्रकार सांगत होते, त्यांनी.’ ‘शेजारच्या बाळाच्या झोपेने.’ ‘ढग आल्याने.’ ‘खालच्या घड्याळांनी (सगळी बंद असताना).’ आणि एका ठिकाणी, ‘कशाने ते कळलं नाही. देखणी झोप.’ ताई, मी आयुष्यभर टीका आणि भाष्यं वाचत आलो, पण ‘देखणी झोप’ इतकं नेमकं भाष्य क्वचित वाचलं असेल.

असल्या नोंदी वाचता वाचता मला काय होई ते तुला सांगतो, शाळेत कोणाला सांगू नकोस. उन्हाचा चौकोन पायाशी आलेला असायचा, पडदा एकदा आत एकदा बाहेर असा श्वास घ्यायचा, आणि मला सगळं गाव त्या खोलीत टांगलेलं दिसायचं. ओळीने झोळ्या, आणि त्यांत आपापल्या नोंदीतल्या वजनाचे सगळे: टपालमास्तर सव्वातीन किलो, आमचे मुख्याध्यापक तीन किलो दोनशे, गावचा सगळ्यात भांडकुदळ वकील दोन किलो आठशे आणि शेजारी ‘आईच्या गुणगुणण्याने’. सगळे मंद हलताहेत, कोणाचं कोणाशी वैर नाही, कोणाला कुठे जायचं नाही, आणि मधून हळूबाई अनवाणी फिरताहेत, एकेका झोळीला बोट लावून थांबवताहेत. भानावर यायचो तेव्हा वही छातीवर असायची.

अर्थात मी माझी नोंदही शोधली. दोनशे बारावी. तुला आठवत असेल, आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची की आमचा धाकटा चार मिनिटांत झोपायचा, दवाखान्यात विक्रम होता त्याचा. मीही ते आयुष्यभर सांगत आलो. लग्न ठरतानाही सांगितलं होतं (दुसरं सांगण्यासारखं फारसं नव्हतं). तर ते खरं निघालं. वेळ: चार मिनिटं. वजन: अगदी बरोबर, वयाला साजेसं. आणि शेऱ्यात लिहिलं होतं, ‘फार लवकर झोपला. पुन्हा पाहणे.’ पुढच्या मंगळवारी, ‘आजही चार मिनिटं. मला आवडलं नाही.’ त्याच्या पुढच्या मंगळवारी, ‘डॉक्टरांना उठवून दाखवला. रक्त फार कमी. औषध सुरू.’ मग सहा मंगळवार नुसत्या वेळा: पाच मिनिटं, पाच, सात, नऊ, अकरा, अठरा. आणि दहाव्या नोंदीला, ‘आज पाऊण तास रडला. शाबास.’

ताई, ज्या गोष्टीचा मी पन्नास वर्षं विक्रम म्हणून मिरवत होतो तो आजार होता. आई-बाबांना बाईंनी किती सांगितलं आणि किती पोटात ठेवलं कोण जाणे. मी हळूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, जे बाळ पटकन झोपतं त्याच्याकडे दुप्पट बघायचं असतं, त्यात काय एवढं. मी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर विशेष काही नव्हतं. विचार आला तो एवढाच की काचेच्या तबकडीवर अकरा सेकंदांत माझा आकडा उत्तम आला असता.

ही गोष्ट इतिहासात आली पाहिजे, किंबहुना हाच इतिहास, हे मला कळलं. पण कळणं आणि लिहिता येणं यांत माझ्या बाबतीत नेहमी एक लांबलचक समास आडवा येतो. ग्रंथाचं नाव ठेवलं ‘सुप्तशिशुतुलारोहणवृत्तान्त’. हळूबाईंनी ते तीनदा वाचलं आणि विचारलं, यात बाळ कुठे आहे? मी बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरंच आत ठेवलंयस. पहिलं वाक्य त्रेचाळीस शब्दांचं होतं आणि त्याचा आरंभ मानवजातीच्या आरंभापासून. दुसऱ्या पानावर हळूबाईंचे डोळे मिटले. जाग आल्यावर त्यांनी (त्यांचा स्वभावच काटकसरी, काही वाया घालवायचं नाही) मला पुढच्या मंगळवारी बाकासमोर बसून तेच वाचायला सांगितलं. सात बाळं होती. पाचव्या पानापर्यंत सातही झोपली, वर तीन आया आणि एक आत्या. त्या दिवशीचा शेरा सातही ओळींत एकच आहे: ‘इतिहासाने.’ प्रकाशनापूर्वीच इतकं एकमत झालेला ग्रंथ दुसरा नसेल.

मग मागच्या मंगळवारी तपासनीसबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, एका हातात फायली, दुसऱ्यात वेळ मोजायचं घड्याळ, पायात टाचांचे बूट. येताना तिसऱ्या पायरीवर पाय दिला. (त्यांचा दोष नाही, त्या या गावात लहानाच्या मोठ्या झालेल्या नव्हत्या.) जिना असा कण्हला की सहापैकी पाच बाळं जागी झाली आणि सहावं, जे जागंच होतं, ते कौतुकाने दाराकडे बघू लागलं. तपासनीसबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि न सांगता ते काढून दाराबाहेर ठेवले. मग सगळं पहिल्यापासून सुरू. थोपटणं, हलवणं, किल्ल्या, गुणगुणणं. बाई घड्याळ घेऊन बाकाच्या टोकाला बसल्या आणि फायलीत मिनिटं लिहू लागल्या. पहिलं बाळ चाळीस मिनिटं. दुसरं सव्वा तास. नव्या इमारतीत तेवढ्यात अख्ख्या गावाची बाळं तोलून झाली असती, हे त्यांच्या पेन्सिलीवरून मला लांबूनही कळत होतं. हळूबाई मात्र नेहमीसारख्या एकेका बाळापाशी ओणव्या होत होत्या. तपासनीसबाईंनी शेवटी विचारलं (कुजबुजत, त्यांनाही आता दुसरं काही येईना), “या वेळात तुम्ही नेमकं काय करता?”

“बघते,” हळूबाई म्हणाल्या.

“काय?”

“बाळ.”

फायलीत यासाठी रकाना नव्हता. पेन्सिल थांबली. आता आपली वेळ आली, असं जाणून मी उठलो, घसा (हळूच) साफ केला, आणि ‘सुप्तशिशुतुलारोहणवृत्तान्ता’चं वाचन सुरू केलं. माझ्या दोनशे बाराव्या नोंदीचा प्रसंग नवव्या पानावर होता. तिथपर्यंत पोचलो की बाईंचं मन वळणार, हे मला दिसत होतं. ऊन पायाशी होतं, पडदा श्वास घेत होता, माझा आवाज मला लांबून येणाऱ्या कोणाच्या तरी आवाजासारखा गोड वाटत होता, आणि चौथ्या पानावर, ताई, मी झोपलो.

किती वेळ ते सांगता येत नाही, कारण इमारतीत साडेआठच वाजले होते. जागा झालो तेव्हा अंगावर बाळांचं एक छोटं पांघरूण होतं (छातीपासून पोटापर्यंतच पुरत होतं), ऊन भिंतीला टेकलं होतं, बाक रिकामा होता, आणि दाराबाहेरचे बूट गेले होते. दवाखान्याच्या भवितव्याचा निर्णय झाला होता आणि त्याचा इतिहासकार त्या वेळी घोरत होता. हळूबाई खिडकीपाशी पांघरुणांच्या घड्या घालत होत्या. मला वाटलं, संपलं. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या की इतिहास राहू दे, आधी ऐक.

झालं ते असं. मी झोपल्यावर तपासनीसबाईंनी माझ्या हातातली पानं काढून घेतली आणि नववं पान वाचलं. (कसं सापडलं, म्हणून विचारलं, तर हळूबाईंनी सांगितलं की तू झोपेत त्याच पानावर बोट ठेवलं होतंस.) मग त्यांनी फायलींच्या तळातून कार्यालयातून आणलेली ती पहिली वही काढली. दवाखाना बंद करायचा तर जुनं दप्तर तपासून, प्रत्येक नोंद पुरी असल्याची खात्री करून, त्यावर मोहोर लावावी लागते, असा नियम आहे. खोलीतल्या बाकीच्या वह्याही मागून घेऊन त्या दोन हजार सातशे तेरा नोंदी एक एक करून बघत होत्या. कसं बघत होत्या, असं मी विचारलं, तर हळूबाई म्हणाल्या, हरवलेली सुई बघतात तसं. सगळ्या नोंदी पुऱ्या होत्या. एक सोडून. नोंद क्रमांक एक: मुलगी, वय सतरा दिवस. वजनाचा रकाना कोरा. शेरा: ‘जागी.’

ताई, ती तू.

अकरा मंगळवार आईने तुला तिथे नेलं, आणि त्या मंगळवारांच्या शेऱ्यांतले काही असे आहेत: ‘जागी. जागीच. अजून जागी. माझ्याकडे बघते. डॉक्टरांना झोप लागली, ही जागी. खाली घड्याळं थांबवून पाहिली, जागी.’ (म्हणजे लंबक थांबवायची प्रथा तुझ्यामुळे पडली, हा नवा शोध. घड्याळजी तेव्हा चोवीस वर्षांचे होते. तुझ्यापायी त्यांच्या आयुष्यातले चोपन्न वर्षांचे मंगळवार थांबले.) शेवटचा, ‘आई कंटाळली. बाळ उत्तम. हाताला चांगलं जड लागतं. पण हाताचा आकडा लिहिता येत नाही.’ जागेपणीचा लिहिला असता तर कोणाला कळणार होतं? पण बाईंनी रकाना कोरा ठेवला. चोपन्न वर्षं.

तपासनीसबाईंनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि कुजबुजत विचारलं की हे बाळ पुढे काय झालं. हळूबाई म्हणाल्या, मुख्याध्यापिका. तपासनीसबाईंनी पुढे विचारलं, हल्ली झोपते का? हळूबाई म्हणाल्या, मला काय माहीत, तो समोर घोरतोय तो तिचा भाऊ, त्याला विचारा. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि (ही कृपा मी विसरणार नाही) मला उठवलं नाही. मग तपासनीसबाईंनी फायलीत लिहिलं, ते मी डोळ्यांनी वाचलं आहे: ‘नोंद क्र. १ अपूर्ण. अपूर्ण नोंद असता दप्तर मिटवता येत नाही. संबंधित बालकास हजर करून, केंद्राच्या प्रचलित पद्धतीनुसार वजन घ्यावे. तोवर केंद्र सुरू ठेवावे.’ सही केली, बाहेर जाऊन बूट घातले, आणि उतरताना तिसरी पायरी गाळली.

तेव्हा तुला कार्यालयाचं एक अधिकृत पत्र येईल. घाबरू नकोस. त्यात तुझा उल्लेख ‘बालक’ असा असेल आणि सोबत आई किंवा वडील यांनी येणं बंधनकारक आहे असं असेल. ते दोघं आता नाहीत, म्हणून पालक या नात्याने मी येईन. तुला हात धरून जिन्यावरून नेण्याची संधी मला याआधी कधी मिळाली नव्हती. येताना काय आणायचं त्याची यादीही पत्रात असेल. स्वच्छ दुपटं आणि कोरडे कपडे हे तू आणशील, याबद्दल मला शंका नाही. पत्र आलं की मंगळवार धरून ये. घरी सगळे वाट बघताहेत. भावोजींना आणि दोन्ही गुडघ्यांना पुन्हा एकदा नमस्कार सांगून, नोंद क्रमांक दोनशे बारा इथे थांबतो.

तुझा,
(एकेकाळी काळजीचा, आता फक्त सुस्त)
धाकटा

ता. क. — मूळ मुद्दा राहिला. ये, पण झोपू नकोस. नियम नीट वाचला तर असं दिसतं की तू आलीस आणि झोपलीस तर वजन होईल, वजन झालं की नोंद पुरी, नोंद पुरी की दप्तर बंद, आणि दप्तर बंद म्हणजे खोली गेली. उलट तू आलीस आणि जागी राहिलीस तर शेरा ‘जागी’ आणि कार्यालयाच्या रिवाजाने तीन महिन्यांनी पुढची तारीख. म्हणजे तू दर तीन महिन्यांनी येऊन खिडकीजवळच्या बाकावर दोन-अडीच तास टक्क बसलीस, तर दवाखाना अजून वीस-पंचवीस वर्षं सहज चालेल. (तेवढं तुझं आयुष्य आहेच. हाताला चांगली जड लागतेस, असं लेखी आहे.) जगात फार थोड्या लोकांना नुसतं डोळे उघडे ठेवून एवढं मोठं कार्य करता येतं. त्या दिवशी मी इतिहास वाचणार नाही, असं लेखी देतो.

आणखी ता. क. — आज एक अडचण कळली. हळूबाईंनी ट्रंकेतून ती पहिली कापडी झोळी काढून धुतली आहे आणि तिला दुहेरी शिवण घालताहेत. (तुझ्या आताच्या वजनाचा अंदाज त्यांना कोणी दिला, हे मला विचारू नकोस, मी फक्त ‘दुहेरी’ एवढंच म्हणालो.) मी नियम समजावून सांगायला गेलो तर म्हणाल्या, माहीत आहे मला, तुझ्याआधी मीच तर वाचला. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, दोन हजार सातशे बारा बाळं झोपलेली पाहिली, एकच राहिली. ती एकदा झोपलेली बघायची होती. बस्स. ताई, मी सगळं गणित मांडलं होतं, ते तिथेच विस्कटलं. आता तुला काय सांगावं, जागी राहा की झोप, हे मलाच कळेनासं झालं आहे.

शेवटचा ता. क. — पाकीट बंद करण्याआधी हे पत्र हळूबाईंना वाचायला दिलं. हात लांब करून, ओठ हलवत, त्यांनी सगळं वाचलं. मानवजातीच्या आरंभापासून सुरू न केल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. मग म्हणाल्या, तिला लिही, झोप आली तर खुशाल झोप म्हणावं. मी वजन घेणार नाही, नुसती जवळ बसेन, आणि वहीत ‘जागी’ लिहीन. मी म्हटलं, बाई, चोपन्न वर्षांत तुम्ही एक नोंद खोटी केली नाहीत. त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, “असू दे. एकच.”